फ्री इलेक्ट्रॉन लेझरसाठी इलेक्ट्रॉन बीमची आखणी: अंड्युलेटरपासून गनपर्यंत

फ्री इलेक्ट्रॉन लेझरच्या (पुढे फक्त एफईएल; वेगवान इलेक्ट्रॉनांपासून लेझरसारखा प्रकाश काढणारं यंत्र) बीमची आखणी करायला घेतली की हात आपसूक इलेक्ट्रॉन गनकडे जातो. इलेक्ट्रॉन तिथे जन्मतात, तेव्हा कागदावरही सुरुवात तिथूनच व्हावी असं वाटतं. पण गनने किती चांगला बीम द्यायचा हे गनला माहीत नसतं. ते अंड्युलेटर (ज्यातून इलेक्ट्रॉन नागमोडी जात प्रकाश सोडतात ती चुंबकांची रांग) ठरवतो आणि अंड्युलेटर कसा असावा हे हवी असलेली तरंगलांबी ठरवते. म्हणून या लेखात आपण उलटे चालणार आहोत: आधी प्रकाश, मग अंड्युलेटर, मग तिथे पोचलेला बीम आणि शेवटी तो बीम जन्माला घालणारी गन. बीटा फंक्शन, क्वाड्रुपोल, आरएफ फेज हे शब्द वाचकाच्या ओळखीचे आहेत असं धरलं आहे.

एक भेद आधीच स्पष्ट करू. जॉन मॅडी यांनी १९७१ मध्ये एफईएलची कल्पना मांडली आणि १९७७ मध्ये स्टॅनफर्डला आरशांच्या जोडीत ठेवलेला पहिला एफईएल ३.४ मायक्रोमीटरवर चालला. आरसे असतील तर एका फेरीत थोडीशी वाढ झाली तरी पुरते, कारण प्रकाश पुन:पुन्हा बीमला भेटतो. तिथे बीमकडून फार अपेक्षा नसते. क्ष-किरणांना असे आरसे मिळणं कठीण, म्हणून सगळी वाढ एकाच फेरीत उरकावी लागते. २००९ मध्ये अमेरिकेतला एलसीएलएस १.५ आँगस्ट्रॉमवर चालला तो असाच, बीममधल्या मूळ गोंगाटातून आपोआप वाढणाऱ्या प्रकाशावर. या एकाच फेरीच्या हट्टापायी बीमवरच्या अटी कडक होतात. पुढचं सगळं त्याच प्रकाराबद्दल आहे.

हिशेब हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरून चालू: ४ ते २ नॅनोमीटर तरंगलांबीचा मऊ क्ष-किरण एफईएल.

पायरी १: तरंगलांबीवरून ऊर्जा

अनुनादाचं सूत्र असं आहे:

तरंगलांबी = अंड्युलेटरची आवर्तन लांबी ÷ (२ × गॅमाचा वर्ग) × (१ + के-चा वर्ग ÷ २)

इथे गॅमा म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा भागिले ०.५११ एमईव्ही. 'के' ही अंड्युलेटरची ताकद, ती ०.९३४ × टेस्लामधलं चुंबकीय क्षेत्र × सेंटिमीटरमधली आवर्तन लांबी इतकी येते.

आवर्तन लांबी ३ सेंटिमीटर आणि के २ घेतला, तर ४ नॅनोमीटरसाठी गॅमा साधारण ३३५० येतो, म्हणजे ऊर्जा १.७१ जीईव्ही. लागणारं क्षेत्र ०.७१ टेस्ला, कायमचुंबकांच्या हायब्रिड अंड्युलेटरला ते साधारण १० मिलिमीटर फटीत जमतं. फट १६ मिलिमीटरपर्यंत उघडली की के १ वर उतरतो आणि त्याच ऊर्जेवर तरंगलांबी २ नॅनोमीटर होते. म्हणजे लिनॅकला (सरळ रेषेतल्या प्रवेगकाला) हात न लावता फटीवरच पूर्ण पट्टा मिळाला.

आवर्तन लांबी कमी केली तर ऊर्जा कमी लागते, लिनॅक आखूड होतो, खर्च उतरतो. मात्र फट तशीच ठेवली तर क्षेत्र झपाट्याने पडतं, म्हणून चुंबक निर्वात नळीच्या आतच बसवावे लागतात. एका आँगस्ट्रॉमच्या आसपासच्या प्रकाशासाठी एलसीएलएसने ३० मिलिमीटरची आवर्तन लांबी आणि १३.६ जीईव्ही घेतले. जपानच्या साक्लाने १८ मिलिमीटर आणि ८ जीईव्ही. स्वित्झर्लंडच्या स्विसएफईएलने १५ मिलिमीटर आणि ५.८ जीईव्ही. तिन्ही पर्याय चालले. पण ऊर्जा खाली आणली की इमिटन्सची (बीमच्या आकाराच्या आणि कोनांच्या पसाऱ्याच्या मापाची) अट तितकीच घट्ट होते, हे पायरी ३ मध्ये दिसेल. लिनॅकवर वाचलेला पैसा गनवर आणि बीम आखूड करणाऱ्या कॉम्प्रेसरवर मेहनत करून फेडावा लागतो.

पायरी २: रो नावाचा एकच आकडा

एफईएलच्या आखणीत एक आकडा सतत समोर ठेवावा: रो, ज्याला पिअर्स पॅरामीटर म्हणतात. तो पीक करंटच्या घनमुळाने वाढतो आणि बीमच्या आडव्या आकाराच्या वर्गाच्या घनमुळाने घटतो. वाढीचा वेग, संपृक्ततेची (जिथे वाढ थांबते तिथली) शक्ती, वर्णपटाची रुंदी आणि ऊर्जेतल्या पसाऱ्याची मर्यादा या चारही गोष्टी त्याच्यावर टांगलेल्या असतात.

आपल्या उदाहरणात पीक करंट १ किलोअँपिअर, नॉर्मलाइज्ड इमिटन्स ०.५ मायक्रोमीटर आणि अंड्युलेटरमधला सरासरी बीटा १० मीटर धरू. बीमचा आरएमएस आकार ३९ मायक्रोमीटर निघतो आणि रो सुमारे ०.००१६. प्रकाशाची शक्ती 'ई'पट व्हायला लागणारी लांबी, म्हणजे गेन लांबी, ही आवर्तन लांबी भागिले (४ × पाय × √३ × रो). ती ०.८८ मीटर येते.

हा आदर्श आकडा. विवर्तन, इमिटन्स आणि ऊर्जेतला पसारा धरले की ती वाढते. त्यासाठी मिंग शी यांचं फिटिंग सूत्र वापरा; स्प्रेडशीटमध्ये अर्ध्या तासात बसतं आणि महिनाभराची सिम्युलेशन वाचवतं. आपल्या बीमसाठी ते ४ नॅनोमीटरला सुमारे १.०५ मीटर देतं. संपृक्ततेला साधारण १८ ते २० गेन लांब्या लागतात, म्हणजे २० मीटर. शिखर शक्ती जवळपास ३ गिगावॉट.

आता तोच हिशेब २ नॅनोमीटरला करा. रो ०.००११ पर्यंत घसरतो आणि गेन लांबी दीड मीटरच्या पुढे जाते. एकाच यंत्राकडून दोन्ही टोकं हवी असतील तर अंड्युलेटरची लांबी या वाईट टोकावर ठरवायची: चुंबकांची लांबी ३५ मीटर, साडेतीन मीटरचे दहा तुकडे. ४ नॅनोमीटरला उरलेले तुकडे वाया जात नाहीत, संपृक्ततेनंतर के हळूहळू कमी करत नेला तर आणखी शक्ती काढता येते.

पायरी ३: अटी लिहून काढा

इमिटन्सची ढोबळ अट: नॉर्मलाइज्ड इमिटन्स हा गॅमा × तरंगलांबी ÷ (४ × पाय) पेक्षा कमी असावा. ४ नॅनोमीटरला ही मर्यादा १.०७ मायक्रोमीटर, २ नॅनोमीटरला ०.५३. आपण वर ०.५ का घेतला हे आता कळेल. ही भिंत नव्हे. ओलांडली तरी एफईएल चालतो, फक्त गेन लांबी वाढत जाते.

ऊर्जेतला पसारा रोपेक्षा बराच लहान हवा. मी रोच्या पाचव्या-सहाव्या भागाच्या वर जाऊ देत नाही. कठीण टोकाचा रो ०.००११ धरला तर ०.०००२, म्हणजे १.७१ जीईव्हीला सुमारे ३४० केईव्ही. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

ऊर्जेच्या चढउताराची अटही इथेच लिहावी. ऊर्जा ०.०२ टक्के हलली की तरंगलांबी दुप्पट, ०.०४ टक्के हलते. ती रोच्या आत असल्याने चालेल. पुढे मोनोक्रोमेटर असेल तर मात्र वापरणाऱ्यांशी आधी बोलून घ्यावं.

या सगळ्या अटी पूर्ण बंचसाठी (एका वेळी येणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्यासाठी) नसतात, त्याच्या पातळ कापांसाठी असतात, आणि नवख्यांचा गोंधळ नेमका इथे होतो. एका आवर्तनात प्रकाश इलेक्ट्रॉनपेक्षा एका तरंगलांबीइतका पुढे सरकतो. २० मीटरमध्ये ६६७ आवर्तनं, म्हणजे ४ नॅनोमीटरला एकूण २.७ मायक्रोमीटर, वेळेत ९ फेम्टोसेकंद. आपला बंच १०० फेम्टोसेकंदांचा. म्हणजे बंचच्या पुढच्या टोकाला मागच्या टोकाची खबरही लागत नाही. म्हणून कापाचा इमिटन्स, कापातला पसारा आणि कापाचा करंट हे तीन आकडे महत्त्वाचे. पूर्ण बंचचा इमिटन्स त्याहून मोठा दिसला तर घाबरायचं कारण नाही. मात्र काप एकमेकांपासून आडवे सरकल्यामुळे तो मोठा झाला असेल तर काळजी करा, कारण मग सगळे काप एकाच वेळी अंड्युलेटरच्या अक्षावर बसणार नाहीत.

पायरी ४: चार्ज

१ किलोअँपिअर १०० फेम्टोसेकंद टिकवायचा तर १०० पिकोकुलोम लागतात. जास्त चार्ज घेतला तर पल्स लांब आणि प्रकाशाची ऊर्जा जास्त, पण गनमध्ये इमिटन्स वाढतो आणि वेकफील्डही (बंच नळीतून जाताना मागे सोडतो ती क्षेत्रं) चढतात. कमी घेतला तर बीम देखणा होतो, पण पोझिशन मॉनिटरचे सिग्नल गोंगाटात बुडू लागतात. १०० पिकोकुलोम हा समंजस मध्य आहे. यंत्र ५० ते २५० पिकोकुलोममध्ये चालेल अशी मोकळीक ठेवा, वापरणारे दोन्ही टोकं मागतात.

पायरी ५: कॉम्प्रेशन, जिथे आखणी तरते किंवा बुडते

गनमधून १ किलोअँपिअर काढता येत नाही. इलेक्ट्रॉनांचं आपसातलं ढकलणंच इमिटन्स उधळून टाकेल. गनमधून ५ पिकोसेकंदांचा, २० अँपिअरचा बंच काढायचा आणि वाटेत त्याला ५० पट दाबायचं. माझं स्पष्ट मत असं की इमिटन्सला जितकं लक्ष मिळतं तितकं कॉम्प्रेशनच्या स्थैर्याला मिळत नाही आणि त्याची किंमत यंत्र चालू झाल्यावर मोजावी लागते.

तत्त्व सोपं आहे. आरएफ फेज शिखरापासून सरकवून बंचच्या शेपटीला डोक्यापेक्षा जास्त ऊर्जा द्यायची. मग चार द्विध्रुवी चुंबकांच्या शिकेनमधून न्यायचं. तिथे जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कमी वळतात, आतल्या कडेने धावणाऱ्या शर्यतपटूसारखे कमी अंतर कापतात आणि शेपूट डोक्याला गाठते. शिकेनची ही ताकद आर-५६ या आकड्याने मोजतात. वळणाचा कोन थीटा असेल तर आर-५६ चं मूल्य अंदाजे २ × थीटाचा वर्ग × (पहिल्या दोन चुंबकांमधलं अंतर + चुंबकाच्या लांबीचा दोन-तृतीयांश).

पन्नास पट एका दमात दाबू नका. कमी ऊर्जेवर एकदम दाबलं तर स्पेस चार्ज (वर आलेलं तेच आपसातलं ढकलणं) बीम बिघडवतो; जास्त ऊर्जेपर्यंत थांबलं तर लांब बंचवर आरएफची वक्रता साचत जाते. पहिला टप्पा २५० एमईव्हीला आठ पट, दुसरा ७०० एमईव्हीच्या आसपास सहा पटींहून थोडा जास्त, अशी विभागणी करू.

पहिल्या टप्प्याचा हिशेब पाहा. बंचची आरएमएस लांबी ०.४३ मिलिमीटर. आर-५६ ५० मिलिमीटर ठेवला, म्हणजे वळणाचा कोन साडेपाच अंशांच्या आसपास, तर आठ पट दाबायला ऊर्जेत ०.७५ टक्के आरएमएस उतार लागतो. इंजेक्टर १०० एमईव्ही देत असेल आणि पुढचे १५० एमईव्ही २.८५६ गिगाहर्ट्झच्या एस-बँड लिनॅकने द्यायचे असतील, तर त्याची फेज शिखरापासून सुमारे २६ अंश सरकवावी लागते.

आता स्थैर्य. कॉम्प्रेशनचा गुणक सी असेल तर उतारातल्या एक टक्का फरकाने करंटमध्ये (सी − १) टक्के फरक पडतो. आठ पटींना सात टक्के. फेज ०.१ अंश हलली तर या टप्प्यातच करंट अडीच टक्क्यांनी हलतो आणि दुसरा टप्पा त्यात आपली भर घालतो. एस-बँडमध्ये ०.१ अंश म्हणजे ९७ फेम्टोसेकंद. म्हणून ०.०५ अंशांहून चांगलं फेज नियंत्रण हवं, हे आरएफ विभागाला पहिल्याच बैठकीत सांगा. मोठा आर-५६ घेऊन लहान उतारावर भागवावं की उलट करावं, याचं उत्तरही या संवेदनशीलतेच्या तक्त्यातून काढा. तो तक्ता बनवताना फेज, व्होल्टेज, चार्ज आणि गनच्या लेझरची वेळ हे चारही घटक घ्या.

हार्मोनिक कॅव्हिटी

आरएफची लाट सरळ रेषा नसते. तिची वक्रता आणि शिकेनचा दुसऱ्या क्रमाचा परिणाम मिळून करंटचं एक टोकदार शिंग आणि एक लांब शेपूट तयार होते. उपाय म्हणजे पहिल्या शिकेनआधी वरच्या हार्मोनिकची कॅव्हिटी उलट्या फेजवर चालवून वक्रता पुसणं. चौथ्या हार्मोनिकला, म्हणजे ११.४२४ गिगाहर्ट्झच्या एक्स-बँडला, आपल्या मांडणीत साधारण १५ ते २० मेगाव्होल्ट लागतील. हार्मोनिक जितका वरचा तितकं व्होल्टेज कमी, जवळपास हार्मोनिकच्या वर्गाच्या प्रमाणात. ही कॅव्हिटी बीमची ऊर्जा खाते, ती लिनॅकमध्ये भरून काढायला विसरू नका. तिचं छिद्र लहान असल्याने बीम अक्षावर ठेवणंही तितकंच जरुरीचं. नाहीतर वक्रता जाते आणि तिच्या जागी आडवी वेकफील्डची लाथ मिळते.

लेझर हीटर

फोटोगनमधून येणाऱ्या कापातला ऊर्जेचा पसारा १ ते ३ केईव्ही, कधी त्याहून कमी. हे चांगलं वाटतं, पण इतका शांत बीम धोक्याचा असतो. करंटमधली बारीकशी लहर स्पेस चार्जमुळे ऊर्जेतली लहर बनते, शिकेन तिची पुन्हा करंटमधली मोठी लहर करतो आणि दुसरा शिकेन तिला आणखी फुगवतो. एलसीएलएसच्या उभारणीत याचा पुरावा पडद्यांवर दिसला: बंचमधल्या सूक्ष्म लहरींमुळे पडद्यांवरचा प्रकाश सुसंगत झाला आणि त्यावरून बीमचा आकार मोजणं निरुपयोगी ठरलं. तारांच्या स्कॅनरवर भिस्त ठेवावी लागली.

यावर उपाय म्हणजे बीम मुद्दाम थोडा तापवणं. एका छोट्या शिकेनच्या मध्यावर आखूड अंड्युलेटर ठेवतात, त्यात जवळच्या अवरक्त लेझरने ऊर्जा हलवतात आणि शिकेनचा उरलेला अर्धा भाग ती लहर मिसळून टाकतो. किती तापवायचं? पायरी ३ मधले ३४० केईव्ही आठवा. कॉम्प्रेशनमध्ये बंच ५० पट आखूड होतो तेव्हा कापातला पसारा ५० पट वाढतो. म्हणून हीटरनंतर सुमारे ७ केईव्ही. एवढंच अंदाजपत्रक आहे. यापेक्षा जास्त तापवलं तर गेन लांबी वाढेल, कमी तापवलं तर लहरीच तो पसारा अधिक ओबडधोबड रीतीने करून ठेवतील.

वळणावरचं प्रारण

आखूड बंच वळताना सुसंगत सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतो आणि शेपटीचा प्रकाश वळणाच्या आतून जाऊन डोक्याला गाठतो. शिकेनच्या आत ऊर्जा बदलली की काप आडवे सरकतात. सर्वात जास्त त्रास शेवटच्या चुंबकात, कारण तिथे बंच सर्वात आखूड असतो. तिथे आडव्या दिशेचा बीटा लहान ठेवा आणि दुसऱ्या शिकेनचा आर-५६ पहिल्यापेक्षा लहान ठेवा. शिकेनच्या मध्यभागी ऊर्जेनुसार बीम पसरलेला असतो, तिथे जबड्यांचा कोलिमेटर बसवला तर दोन्ही टोकांची शिंगं छाटता येतात.

पायरी ६: इंजेक्टर

आता कुठे गन. शेवटी ०.५ मायक्रोमीटर हवा आणि इमिटन्सची भर वर्गांच्या बेरजेने पडते. इंजेक्टरच्या तोंडाशी ०.३५ मिळाला तर कॉम्प्रेशन आणि वेकफील्ड मिळून आणखी तेवढंच बिघडवू शकतात. म्हणून इंजेक्टरचं लक्ष्य ०.३५.

तांब्याच्या कॅथोडचा उष्णताजन्य इमिटन्स लेझर ठिपक्याच्या प्रत्येक आरएमएस मिलिमीटरमागे ०.५ ते ०.९ मायक्रोमीटर असतो. ठिपका लहान केला की इमिटन्स घटतो, पण एका मर्यादेनंतर निघालेले इलेक्ट्रॉनच पुढच्यांना अडवतात. ०.६ मिलिमीटर त्रिज्येचा एकसमान ठिपका म्हणजे ०.३ मिलिमीटर आरएमएस. उष्णताजन्य भाग ०.१५ ते ०.२७. एस-बँड गनमध्ये शिखर क्षेत्र १२० मेगाव्होल्ट प्रति मीटर आणि इलेक्ट्रॉन ३० अंशांवर सुटत असतील तर त्या क्षणी क्षेत्र ६० असतं. त्यावर हा ठिपका जास्तीत जास्त सुमारे ६०० पिकोकुलोम देऊ शकतो. आपले १०० त्याच्या सहाव्या भागात, म्हणजे अंतर सुखाचं आहे.

क्वांटम कार्यक्षमता लाखात तीन धरली तर २६६ नॅनोमीटरच्या लेझरचे सुमारे १५ मायक्रोज्यूल कॅथोडवर पडायला हवेत. प्रत्यक्षात लेझर त्याच्या कित्येक पट ताकदीचा घ्या: वाटेतली गळती, ठिपक्याची छाटणी आणि वय झालेला कॅथोड हे सगळं त्यातून जातं.

गनभोवतीचा सोलेनॉइड फक्त बीम गोळा करत नाही. स्पेस चार्जने वेगवेगळ्या कापांना वेगवेगळ्या कोनांत वळवलेलं असतं. सोलेनॉइड ठीक बसवला की काही अंतरावर ते पुन्हा एका रेषेत येतात. पहिली प्रवेगक नळी बरोबर त्या कंबरेपाशी सुरू व्हायला हवी, एस-बँडमध्ये साधारण कॅथोडपासून दीड मीटरवर. हे अंतर नंतर बदलता येत नाही, म्हणून सिम्युलेशनमध्ये ते आधी गोठवा. सोलेनॉइडमध्ये दुरुस्तीचे क्वाड्रुपोल गुंडाळायला विसरू नका. स्वस्त असतात आणि बऱ्याचदा इमिटन्समध्ये दिसण्याइतका फरक पाडतात.

फोटोगन हाच एकमेव मार्ग आहे असं मात्र नाही. साक्लाने ५०० किलोव्होल्टच्या उष्ण सेरियम हेक्साबोराइड कॅथोडवर भिस्त ठेवली आणि सुमारे १ अँपिअरपासून हजारो पट दाबत किलोअँपिअर गाठले. सुरेख यंत्र, पण कॉम्प्रेशनची साखळी लांबलचक.

पायरी ७: लिनॅक आणि पल्सांचा वेग

इथे एकच मोठा निर्णय आहे: सेकंदाला किती बंच? शंभरच्या आसपास पुरत असतील तर तांब्याचा लिनॅक. एस-बँडमध्ये मीटरमागे २० मेगाव्होल्ट धरले तर उरलेले १.४६ जीईव्ही मिळवायला सुमारे ७५ मीटर सक्रिय लांबी लागेल. सी-बँड आखूड करतो, पण छिद्र लहान झाल्याने आडवे वेकफील्ड वेगाने वाढतात आणि संरेखन कडक होतं. लांबीच्या दिशेचे वेकफील्ड मात्र मित्रही होतात: दुसऱ्या शिकेननंतर बंचमध्ये उरलेला ऊर्जेचा उतार ते पुसत नेतात.

हजारो किंवा लाखो बंच हवे असतील तर अतिवाहक लिनॅक. युरोपियन एक्सएफईएल १.३ गिगाहर्ट्झच्या अतिवाहक कॅव्हिटींवर सेकंदाला २७,००० बंचपर्यंत जातो. त्यासोबत कॅथोडही बदलतो, कारण तांब्याची क्वांटम कार्यक्षमता परवडत नाही. सिझियम टेल्युराइड लागतो आणि त्याच्यासाठी गनमध्ये फार स्वच्छ निर्वात. बीमची शक्तीही मोजून पाहा. आपल्या एका बंचमध्ये ०.१७ ज्यूल आहेत. सेकंदाला शंभर बंच म्हणजे १७ वॉट. दहा लाख म्हणजे १७० किलोवॉट. पहिल्या बीम डम्पला तांब्याचा ठोकळा चालेल. दुसरा जवळपास स्वतंत्र प्रकल्प आहे आणि तिथे चुकलेला बीम थांबवायला मायक्रोसेकंदांत चालणारी संरक्षण यंत्रणाही लागते.

पायरी ८: अंड्युलेटरची रांग

के दर तुकड्याला सारखा हवा. के २ असताना के-मधला सापेक्ष फरक तरंगलांबीत चार-तृतीयांश पट होऊन दिसतो, म्हणून ०.०५ टक्क्यांच्या आत ठेवा. तापमान बदललं की कायमचुंबकांचं क्षेत्र बदलतं. बोगद्याचं वातानुकूलन हा म्हणूनच बीमच्या आखणीचा भाग आहे.

दोन तुकड्यांमध्ये एक क्वाड्रुपोल, एक कॅव्हिटी पोझिशन मॉनिटर आणि एक फेज शिफ्टर. सर्वेक्षणाच्या साधनांनी मार्ग पुरेसा सरळ होत नाही. शेवटचं सरळीकरण बीमनेच करायचं: ऊर्जा मोठ्या टप्प्यांनी बदला, मार्ग ऊर्जेनुसार कसा हलतो ते बघा आणि तो हलायचा थांबेपर्यंत क्वाड्रुपोल सरकवा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रालाही विसरू नका. ५० मायक्रोटेस्ला १.७१ जीईव्हीच्या इलेक्ट्रॉनला दर मीटरमागे ९ मायक्रोरेडियन वळवतात. छोटं वाटतं, पण दहा मीटरमध्ये न सुधारता सोडलं तर बीम प्रकाशापासून आपल्या आकाराच्या दहापट लांब गेलेला असेल.

चुंबक किरणोत्साराने कमजोर होतात. म्हणून अंड्युलेटरच्या आधी ऊर्जेचा आणि आडवा असे दोन्ही कोलिमेटर हवेत आणि डार्क करंट (लेझरशिवायच आपोआप सुटणारे नकोसे इलेक्ट्रॉन) तिथेच मरायला हवा.

पायरी ९: सगळं एकत्र चालवणं

गनसाठी आस्ट्रासारखा स्पेस चार्जचा कोड, लिनॅकसाठी एलिगंट, अंड्युलेटरसाठी जेनेसिस ही रुळलेली साखळी. दोन सूचना. कणांची संख्या कमी असेल तर संगणकी गोंगाट सूक्ष्म लहरींसारखाच वाढतो आणि नसलेला रोग दाखवतो. कण दुप्पट करून उत्तर बदलतं का ते बघा. दुसरं, एका सुंदर निकालावर समाधान मानू नका. फेज, व्होल्टेज, चार्ज, वेळ सगळे खऱ्याखुऱ्या प्रमाणात हलवून शेकडो वेळा साखळी चालवा आणि अंतिम करंट, ऊर्जा व प्रकाशाची ऊर्जा यांचं वितरण पाहा. त्यात शेपूट लांब निघाली तर पायरी ५ कडे परत.

मोजमापाच्या जागा याच वेळी राखून ठेवा: इंजेक्टरनंतर आणि प्रत्येक शिकेननंतर इमिटन्स मोजायची जागा आणि काप वेगळे करून पाहण्यासाठी आडवी ढकलणारी आरएफ कॅव्हिटी. ती अंड्युलेटरच्या मागे, ऊर्जा मोजणाऱ्या वळणाआधी ठेवली तर एफईएल चालू असतानाही कोणत्या कापाने ऊर्जा गमावली हे दिसतं. जागा नाही म्हणून हे नंतर घालू, असं म्हटलेली साधनं सहसा कधीच येत नाहीत.

यंत्र उभं राहिल्यावर पहिली खरी परीक्षा म्हणजे गेन वक्र: मागचे तुकडे एकेक उघडत प्रकाशाची ऊर्जा लॉग पट्टीवर मांडायची. ४ नॅनोमीटरला उतार १.०५ मीटर सांगत असेल तर ठीक. १.५ आला तर आधी मॅचिंग (बीमचा बीटा अंड्युलेटरला हवा तसा जुळलाय का) तपासा, कारण ते सर्वात स्वस्त आहे आणि बहुधा तेच बिघडलेलं असतं. मग मार्ग, मग दर तुकड्याचा के, मग कापाचा इमिटन्स. करंट वाढवून गेन लांबी सुधारायचा मोह शेवटी ठेवा. करंट चढतो, पण वळणावरचं प्रारण आणि कापातला पसारा त्याच्याबरोबर चढतात, आणि पहिल्या तीनपैकी काही चुकलं असेल तर ते तसंच झाकलेलं राहतं.